आपलं गाव, त्यांचं परगाव : स्वागताध्यक्षीय भाषण

संमेलनासाठी राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेले विज्ञानशिक्षक, संशोधक, विज्ञानलेखक आणि समोर सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

औंढा नागनाथच्या या परिसरात स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं मनापासून स्वागत करतो. कुणी रात्रभर एसटीत बसून आलात, कुणी रेल्वेने हिंगोलीला उतरून पुढे जीपने आलात. एवढी वाट तुडवून आपण आलात, याचं आम्हां हिंगोलीकरांना अप्रूप आहे.

या मुलखाला पाहुणे नवे नाहीत. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानलं जाणारं नागनाथाचं देऊळ इथे आहे. विसोबा खेचरांनी संत नामदेवांना उपदेश केला तो इथेच, असं परंपरा सांगते. ज्या नरसीला नामदेवांचं जन्मगाव म्हणून मान आहे, ती याच जिल्ह्यात. हेच नामदेव पुढे पार पंजाबात गेले, घुमानला राहिले, तिथल्या लोकांशी त्यांच्या बोलीत बोलले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. परक्या मुलुखात गेलेला माणूस तिथल्या लोकांना आपला वाटू लागतो, हे कसं घडत असेल? नामदेवांचं मोठेपण तर त्यात आहेच. पण त्यांना ठेवून घेणाऱ्या घुमानकरांचंही आहे. आज मला बोलायचं आहे ते या दुसऱ्या बाजूबद्दल.

काही वर्षांपूर्वी गुरुत्वीय लहरींवर, म्हणजे अवकाशात उमटणाऱ्या अतिसूक्ष्म तरंगांवर, काम करणाऱ्या एका गटाबरोबर मी इटलीतल्या पिसाला गेलो होतो. पिसाजवळ कॅशिना इथे ‘व्हर्गो’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आहे. एकमेकांना काटकोनात असलेल्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी 3 किलोमीटर लांबीच्या. तिथे आमची सहयोग-बैठक होती. शास्त्रज्ञ तिला ‘कोलॅबरेशन मीटिंग’ म्हणतात. माझी पिसाची ओळख म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं झुकत्या मनोऱ्याचं चित्र, आणि 1564 साली गॅलिलिओ तिथे जन्मला एवढी माहिती. रविवारी संध्याकाळी पोचलो. बहुतेक दुकानं बंद, भाषा येत नाही, पोटात भूक. मुक्कामाच्या जागी माझ्या नावाचा एक लिफाफा ठेवलेला होता. त्यात गावाचा नकाशा, त्यावर पेनाने केलेल्या तीन खुणा, सकाळच्या बसची वेळ, अडचण आली तर फोन कुणाला करायचा तो नंबर, आणि खाली इंग्रजीत हाताने लिहिलेली एक ओळ : मांसाहार करत नसाल तर दुसऱ्या खुणेपाशी जा.

मी गेलो. भट्टीतून नुकतंच काढलेलं तांब्याचं मोठं, पसरट ताट समोर होतं आणि त्यात सोनेरी पिवळं काहीतरी खरपूस भाजलेलं होतं. दुकानातल्या बाईंनी सुरीने त्याचा तुकडा कापला, कागदावर ठेवला, वरून मिरपूड भुरभुरली. पहिल्याच घासाला चव ओळखीची लागली. ते हरभऱ्याचं पीठ होतं! पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल घालून भट्टीत भाजलेलं जाडसर धिरडं म्हणा ना. तिकडे त्याला ‘चेचिना’ म्हणतात. घरापासून हजारो किलोमीटरवर, अनोळखी गावात, मला त्या रात्री शांत झोप लागली. ती ओळ कुणी लिहिली होती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सभागृहात शिरताना मी बुजलेलो नव्हतो, ते त्या ओळीमुळे.

मित्रहो, मोठ्या विज्ञानाचं काम कसं चालतं ते तिथे जवळून पाहिलं. सकाळी सगळ्यांची एकत्र सभा आणि मग गटागटांत चर्चा. कुणी आरशांच्या लेपावर काम करणारे, कुणी लेझरवर, कुणी निर्वात नळ्यांवर, तर कुणी आमच्यासारखे डेटाचं विश्लेषण करणारे. आमच्या आणि फ्रान्समधल्या एका गटाच्या आकडेमोडीत बारीकसा फरक येत होता. तीन महिने ईमेल चालल्या होत्या. दोन्हीकडची मंडळी सभ्य, पण प्रत्येक पत्रागणिक सूर थोडा कोरडा होत चाललेला. चहापानाच्या वेळी त्या गटातल्या एका तरुणीने मला फळ्यापाशी नेलं आणि खडू माझ्या हातात दिला. पंधरा-वीस मिनिटांत उलगडा झाला. डेटाच्या तुकड्याची वेळ आम्ही त्याच्या सुरुवातीला धरत होतो, ते मध्यावर. चूक कुणाचीच नव्हती. फक्त आपण काय गृहीत धरलं आहे, हे समोरासमोर उभं राहिल्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

या क्षेत्रातली एक घटना मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. 2010 च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या लायगो वेधशाळा आणि व्हर्गो यांच्या यंत्रांत एक ठसठशीत संकेत उमटला. बृहल्लुब्धक तारकासमूहाच्या दिशेचा म्हणून त्याला ‘बिग डॉग’ नाव पडलं. शेकडो शास्त्रज्ञांनी सहा महिने त्याची छाननी केली, शोधनिबंध लिहून तयार ठेवला. पण यंत्रांत गुपचूप खोटा संकेत घालण्याची जबाबदारी तेव्हा मोजक्या माणसांवर सोपवलेली असे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. सहकाऱ्यांची आणि त्यांच्या पद्धतीची परीक्षा पाहण्यासाठी केलेली ती सोय. मार्च 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्केडिया गावी सहयोग-बैठक भरली आणि संकेत खरा की खोटा हे सांगणारा लिफाफा तिथे सर्वांसमोर उघडला गेला. संकेत खोटा निघाला. सहा महिन्यांचे कष्ट पाण्यात गेले, असं मात्र कुणी मानलं नाही. आपली चाळणी चोख आहे हे सिद्ध झालं होतं.

ते किती मोलाचं होतं, हे पुढे कळलं. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांत खरा संकेत आला. तो सर्वांत आधी पाहिला मार्को द्रागो या इटालियन तरुणाने, जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये बसून. त्याचा पहिला प्रश्न हाच होता, की हा संकेत कुणी मुद्दाम घातलेला तर नाही? या वेळी कुणीही घातलेला नव्हता. सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती आणि 4 किलोमीटरच्या भुजेची लांबी प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान अंतराने हलली होती. 11 फेब्रुवारी 2016 रोजी ही बातमी जगाला सांगितली गेली. शोधनिबंधावर हजाराहून अधिक नावं होती, आडनावांच्या आद्याक्षरांनुसार लावलेली. अशा संकेतांना गोंगाटातून वेचून काढण्याच्या गणिती पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत आपल्या पुण्याच्या ‘आयुका’ या संशोधन संस्थेतले प्रा. संजीव धुरंधर आहेत, हे सांगताना माझी मान अभिमानाने ताठ होते.

आणखी एक तारीख : 17 ऑगस्ट 2017. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याचा संकेत त्या दिवशी पृथ्वीवर पोचला. अमेरिकेतल्या दोन्ही यंत्रांना संकेत स्पष्ट दिसला, इटलीतल्या व्हर्गोला तो जेमतेम जाणवला. पण हे जेमतेम जाणवणंच कामी आलं. आकाशातल्या ज्या दिशा व्हर्गोला नीट ‘ऐकू’ येत नाहीत, त्यांतल्याच एका दिशेने तो आला असला पाहिजे, हे उमगलं आणि शोधाचं क्षेत्र सुमारे 28 चौरस अंशांवर आलं. काही तासांतच दुर्बिणींनी 13 कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी 4993 या दीर्घिकेत त्या धडकेची ठिणगी टिपली. ज्याला फारसं ऐकू आलं नाही, त्याच्या साक्षीनेही सत्य हाती लागतं. म्हणून या कामात कुणीच कमी महत्त्वाचा नसतो.

आणि आता पाळी आपली आहे. इथून जवळच लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. तिच्याही दोन भुजा, प्रत्येकी 4 किलोमीटरच्या. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला. अमेरिका आणि युरोपपासून इतक्या लांब एक यंत्र असलं, की आकाशातली जागा कितीतरी नेमकी सांगता येते. जागा निवडताना जमीन किती शांत आहे हे काटेकोरपणे तपासलं गेलं. समुद्राच्या लाटा, रेल्वे, कारखाने, अवजड वाहनं यांच्या कंपनांनीही हे यंत्र अस्वस्थ होतं. ‘तुमच्याकडे काहीच नाही’ असं आम्ही जन्मभर ऐकत आलो. त्या ‘काहीच नाही’मधली शांतता जगाला हवी होती!

ही शांतता राखणं जसं आपलं काम, तसंच येणाऱ्या माणसाला सांभाळणंही आपलंच. उद्या इथे जपान, इटली, अमेरिका, ऑस्ट्रेलियातून माणसं येतील. संध्याकाळी बसमधून उतरलेल्या एखाद्या तरुण संशोधकाला पाटी वाचता येणार नाही, काय खावं कळणार नाही. औंढा त्याचं परगाव असेल. त्याच्या हातात नकाशा कोण ठेवणार? रिक्षावाल्या दादांनी, खाणावळीतल्या मावशींनी, आमच्या शाळांतल्या मुलामुलींनी ते केलं, तर त्या वेधशाळेच्या कामात आपलाही हात लागेल. आपली नावं कुठल्या शोधनिबंधावर येणार नाहीत, हे खरं आहे. त्या रात्री पिसात माझ्यासाठी एक ओळ लिहिणाऱ्याचं नाव तरी कुठे आलं?

म्हणून या संमेलनाकडे आम्ही तालीम म्हणून पाहतो आहोत. आपल्यातले अनेक जण इथे पहिल्यांदाच आले आहेत. आठवी-नववीच्या मुलींनी हाताने काढलेला गावाचा नकाशा तुमच्या लिफाफ्यात आहे. दुपारी ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा आहे. आमच्याकडची हळद त्या पिठल्यात उतरली आहे. बचत गटाच्या भगिनी पहाटे चारपासून चुलीपाशी आहेत. स्वयंसेवक, शिक्षक, ग्रामपंचायत, आणि आपली घरं पाहुण्यांसाठी उघडणारी कुटुंबं यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

व्यवस्थेत काही उणं राहिलं असेल, त्याची जबाबदारी स्वागताध्यक्ष म्हणून माझी. उदार मनाने पोटात घाला, अशी विनंती या वेळी सहसा केली जाते. मी मात्र उलट विनंती करतो. तुमच्या लिफाफ्यात एक कोरं कार्ड आहे. या दोन दिवसांत इथे तुम्हाला जिथे जिथे परकं वाटलं, वाट सापडली नाही, कुणाला विचारावं ते कळलं नाही, ते त्या कार्डावर लिहून जा. ती कार्डं आम्ही जपून ठेवू. जग आमच्या दाराशी येईल, तेव्हा ती आम्हाला लागणार आहेत.