हिमनदी पाहायची तर डेकवर उभं राहा

अलास्कातल्या स्यूअर्ड या छोट्या बंदरातून केनाई फ्योर्ड्स राष्ट्रीय उद्यानाच्या हिमनद्या दाखवणाऱ्या बोटी सुटतात. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्यांपैकी कोणी तिकडे निघणार असेल, तर आजच्या चार गोष्टी त्यांच्यासाठी.

जुलैत स्यूअर्डच्या धक्क्यावर दुपारी गारवा असतो. एका स्वेटरवर भागेल, असं वाटतं. पण हिमनदीवरची गार, जड हवा उतारावरून थेट समुद्रावर घसरते आणि बोटीच्या वेगाने ती आणखी बोचते. म्हणून आत लोकरीचा गंजीफ्रॉक, त्यावर स्वेटर, सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट घाला. सुती बनियन नको. भिजलं की लवकर वाळत नाही. कानटोपी, हातमोजे हवेतच. बोट लागत असेल, तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वीच घ्या. स्यूअर्डजवळचा रिझरेक्शन उपसागर मागे पडला की हेलकावे सुरू होतात.

एवढा जामानिमा कशाला? डेकवर टिकून राहता यावं म्हणून. आत काचेवर वाफ धरते आणि बघण्यासारखं सगळं बाहेरच घडतं. वाटेतल्या चिस्वेल बेटांच्या खडकांवर समुद्रसिंह लोळत असतात. समुद्री पाणमांजर पाठीवर तरंगत, पोटावर शिंपला ठेवून खाताना दिसतं. त्याच्या अंगात चरबीचा थर नाही. सगळी ऊब दाट केसांची. हंपबॅक देवमाशाचा आधी फवारा दिसतो, मग पाठ. शेपूट उभी वर आली, की स्वारी खोल गेली असं समजावं.

दुर्बीण सात-आठ पटींचीच बरी. त्याहून मोठी असली तर हलत्या बोटीवर चित्र थरथरतं. कप्तान ‘दोन वाजता देवमासा’ म्हणाला, तर मनगटाकडे पाहू नका. बोटीचं नाक म्हणजे बारा. दोन म्हणजे उजवीकडे पुढे.

आभाळ भरून आलं म्हणून हिरमुसू नका. पाण्यावर चकाकी नसली की देवमाशाची पाठ चटकन सापडते, बर्फाची निळाईही गडद दिसते.

आयालिक हिमनदीसमोर बोट मंदावते. तरंगत्या बर्फावर सील पिल्लांसह पहुडलेले असतात. ते बिचकून पाण्यात उतरू नयेत म्हणून आवाज बेताचा ठेवा. बर्फाचा कडा कोसळताना आधी दिसतो, आवाज मागाहून येतो. आवाज ऐकून मान वळवणाऱ्याला नुसत्या लाटा दिसतात. तेव्हा नजर कड्यावरच असू द्या.