लिव्हरचा रिपोर्ट वाचताना



रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की आपण आधी ठळक छापलेला आकडा शोधतो. दिसला तर पोटात गोळा येतो आणि नाही दिसला तर कागद पिशवीत जातो. आज एलएफटी म्हणजे लिव्हरच्या तपासणीबद्दल बोलू. या रिपोर्टमधला एकच आकडा बघून चालत नाही.

लिव्हर म्हणजे यकृत. बकऱ्याची कलेजी आपण रांधतो, तोच हा अवयव. आपल्या उजव्या बरगड्यांखाली तो असतो. पित्त तयार करणं, औषधांचा आणि दारूचा निचरा करणं, रक्त गोठवणारे घटक बनवणं ही सगळी त्याची कामं. रिपोर्ट त्याच्याबद्दल तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, यकृताला इजा होते आहे का? त्यासाठी एसजीपीटी आणि एसजीओटी बघतात. हे पदार्थ यकृताच्या पेशींत असतात. पेशी दुखावल्या की ते रक्तात झिरपतात. साधारण ४० पर्यंतचा आकडा ठीक मानतात. प्रत्येक प्रयोगशाळेची हद्द थोडी वेगळी असते आणि ती शेजारच्या रकान्यात छापलेली असते. आकडा थोडा वाढला तर यकृतावरची चरबी, दारू किंवा एखादं औषध हे कारण असू शकतं. तो हजारांत गेला तर बहुधा विषाणूची कावीळ किंवा औषधाची बाधा असते.

दुसरी गोष्ट, पित्ताची वाट मोकळी आहे का? त्यासाठी बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज. बिलिरुबिन साधारण १ च्या आसपास असतं. ते अडीच-तीनच्या वर गेलं की डोळे पिवळे दिसू लागतात. अल्कलाइन फॉस्फेटेज मात्र हाडांतून आणि गरोदरपणी वारेतूनही येतं. म्हणून शेवटच्या महिन्यांत फक्त तेवढंच वाढलं असेल तर घाबरू नका, डॉक्टरांना दाखवा.

तिसरी गोष्ट, यकृत काम करतंय का? हे अल्ब्युमिन आणि पीटी-आयएनआर सांगतात. पीटी म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते. ही तपासणी बऱ्याचदा एलएफटीत नसते. कावीळ जास्त असेल तर ती करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. कधी कधी एसजीपीटी झपाट्याने उतरतो आणि घरचे खूश होतात. पण त्याच वेळी पीटी वाढत असेल, तर यकृताच्या पेशी संपत आल्या असाव्यात. तो धोका असतो.

आता कावीळ उतरवण्याबद्दल. कुणी गळ्यात माळ घालतं, कुणी नाकात थेंब सोडतं, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतं. ते पाणी पिवळं होतं ते हाताला आधी लावलेल्या झाडाच्या सालीमुळे. शरीरातली कावीळ त्यात उतरत नाही. दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळतं. पण ज्यांची बरी होत नाही, त्यांचे मोलाचे दिवस त्यात जातात.

गरोदर बाईच्या बाबतीत तर एक दिवसही थांबू नका. दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई होतो. २०१२ साली इचलकरंजीत त्याची मोठी साथ आली होती. शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार आईच्या जिवावर बेततो. तळहात-तळपायांना सारखी खाज सुटत असेल तरी आशाताईंना सांगा.

कावीळ झालेलं माणूस गुंगीत जात असेल, असंबद्ध बोलत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, उलट्या थांबत नसतील, तर थेट मोठ्या दवाखान्यात न्या. टीबीची औषधं चालू असताना डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवा.

डॉक्टरांकडे जाताना जुने रिपोर्ट न्या. चालू गोळ्या आणि जडीबुटीही दाखवा, लपवू नका. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी आणि उपचार २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. बाळाला बी ची लस जन्मल्यापासून २४ तासांत मिळाली का, हे बाळंतिणीच्या घरच्यांनी विचारायलाच हवं.

गटाच्या पुढच्या बैठकीत घरातले जुने रिपोर्ट बाहेर काढा आणि या तीन गोष्टी त्यात शोधून बघा. काही शंका आली तर कागद घेऊन आशाताईंना गाठा.

आज इथेच थांबते. नमस्कार.