नावेतले बिननावाचे भाग



कामगार संघटनेचा माणूस बोलावयास उभा राहिला की पगार, बोनस आणि संप यांवाचून तो दुसरे काय सांगणार, असे श्रोत्यांना वाटते. ते वाटणे गैर नाही. पण व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, आणि आम्ही जुन्या होडीचे इंजिन निवडले. त्यातले जे भाग ओळखू येत नाहीत ते ओळखावयाचे कसे आणि दुरुस्त करावयाचे कसे, एवढेच आज सांगावयाचे आहे. शेवटी पगाराची गोष्ट निघेलच. तिला आमचा इलाज नाही.

आपण म्हणाल, समुद्र घाटाखाली आणि हा गृहस्थ घाटमाथ्यावर होडीच्या गोष्टी सांगतो. पण लोणावळेकरांना यात नवल वाटू नये. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी आपल्या या गावी नौदलाचे अभियांत्रिकी शिक्षणाचे केंद्र सुरू झाले. त्यालाच आपण आज आय. एन. एस. शिवाजी म्हणून ओळखतो. म्हणजे जहाजाच्या पोटातली यंत्रे चालवणारा माणूस समुद्रापासून सुमारे दोन हजार फूट उंचीवर तयार होतो. इंजिन समजण्यासाठी लाटा लागत नाहीत. हात लागतो, डोळा लागतो आणि सांगणारा कोणीतरी लागतो. त्या केंद्राच्या फाटकातून विद्यार्थी म्हणून जाण्याचे भाग्य आम्हाला लाभले नाही. सातवीनंतर आमची शाळा सुटली. पाने-पक्कड गॅरेजात हाती आले, आणि अक्षरे पुढे वाचनालयात, शब्दकोश मांडीवर घेऊन गिरवली. आणि पाण्याचे म्हणाल तर मावळात पाणी काही थोडे नाही. वळवण आहे, १९७२ साली पुरे झालेले पवना धरण आहे. पाणी आले की होडी आली, आणि होडी बहुधा जुनीच असते.

आता प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी, पावसाळा तोंडावर आलेला असताना, मावळातल्या एका जलाशयाच्या काठी आम्हाला एका तंट्यासाठी जावे लागले. तिथे एका ठेकेदाराची लाँच होती. माणसे आणि सामान पलीकडच्या काठावर न्यावयाचे, हे तिचे काम. लाँच कोकणकिनाऱ्यावरून जुन्या भावात आणलेली. इंजिन दोन सिलिंडरांचे डिझेल, पाण्याने थंड होणारे. त्यावरची नावाची पट्टी केव्हाच गळून गेलेली. अकरा वर्षे हे इंजिन एका मिस्त्रीने चालवले होते. हजेरीच्या पुस्तकात मात्र त्याचा हुद्दा ‘मदतनीस’ असा होता आणि पगार अकुशल कामगाराचा. त्याने वाढ मागितली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला कामावर येऊ नको असे सांगण्यात आले. त्याच्या जागी एक तरुण पोरगा आणला. पोरगा गुणी होता, मोटारी दुरुस्त करण्यात तरबेज होता, पण होडी त्याने पाहिली नव्हती.

आम्ही पोहोचलो तेव्हा एका फळीवर चार वस्तू मांडल्या होत्या. पोराने इंजिन साफ करताना त्या सोडवून ठेवल्या होत्या. एक पितळी बूच, त्याच्या आतल्या बाजूला करड्या धातूची झिजलेली कांडी. एक उलट्या यू अक्षरासारखी वाकलेली नळी, तिच्या माथ्यावर छोटीशी झडप. एक बोटभर लांबीची खटकी. आणि तेलकट दोरीची काही कडी. ठेकेदार म्हणाला, “हे सगळे बिनकामाचे निघाले. मिस्त्रीने उगाच लावून ठेवले होते. असला कारागीर म्हणे हा!”

या चार वस्तूंवर त्या माणसाची अकरा वर्षे तोलली जात होती. म्हणून आम्ही मिस्त्रीला बोलावून घेतले.

अनोळखी भाग हाती आला की आपण विचारतो, याचे नाव काय? आमचा अनुभव असा की हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आधी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हा भाग कोठून येतो आणि कोठे जातो? इंजिन बंद आणि थंड असताना नळीवर हात ठेवून दोन्ही टोकांपर्यंत जावे. दुसरा, याच्यातून काय वाहते? पाणी, डिझेल, वंगण, हवा, वीज, की नुसती गती? वास घ्यावा, बोटावर चोळून पाहावे. तिसरा, हा कोठे झिजला आहे? झीज ही त्या भागाची हजेरी आहे. तो कोणते काम करत होता ते तीच सांगते. या तिन्हींची उत्तरे मिळाली की नाव नसले तरी अडत नाही.

त्यानंतर आकडे पाहावेत. गंज तारेच्या ब्रशने हलक्या हाताने काढून वर खडू घासला की बुजलेली अक्षरे उठून दिसतात. पण एक सावधगिरी. ओतीव भागावर उठावाचे जे आकडे असतात ते पुष्कळदा ओतकामाच्या साच्याचे असतात. त्याच ओतीव तुकड्यापासून दोन निरनिराळे भाग तयार झालेले असू शकतात. तो आकडा दुकानदाराला देऊन फसलेले लोक आम्ही पाहिले आहेत. बेअरिंगचे आकडे मात्र इमानी. ६२०५ असे लिहिले असेल तर शेवटच्या ०५ ला पाचाने गुणावे. आतले भोक २५ मिलिमीटर. ०४ पासून पुढे हा हिशेब सरळ चालतो. तेलाच्या सीलवर बहुधा तीन मापे असतात: दांड्याचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. आणि आटे! जुन्या विलायती इंजिनांना व्हिटवर्थ पद्धतीचे आटे असतात. त्यांच्या दातांचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६० अंशांचा. दोन फेरे बोल्ट गोडीगुलाबीने जातो, तिसऱ्याला अडतो. तिथे पान्यावर जोर करणारा माणूस पुढच्या महिन्याचे काम आजच काढून ठेवतो.

मिस्त्री आला. वयाने आमच्याहून मोठा. फळीकडे त्याने पाहिले आणि आधी ती कांडीचे बूच उचलले. “भाऊ, हे का काढलं? ह्याच्यात औषध असतं. औषध संपलं की नवीन घालायचं.”

ठेकेदार हसला. पण औषध हा शब्द चुकीचा नव्हता. ती कांडी जस्ताची होती. समुद्राचे पाणी आणि निरनिराळे धातू एकत्र आले की त्यांच्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि जो धातू हलका पडतो तो झिजू लागतो. जस्त मुद्दाम तिथे ठेवतात. ते स्वतः झिजते आणि आतल्या तांब्यापितळेच्या नळ्या वाचवते. निम्मी झिजली की कांडी बदलावी. ती झिजली म्हणजे बिघडली असे नव्हे. झिजणे हेच तिचे काम. आता ही होडी गोड्या पाण्यात आली होती. गोड्या पाण्यात जस्तावर पापुद्रा धरतो आणि ते फारसे उपयोगी पडत नाही. तिथे मॅग्नेशियम वापरतात. मिस्त्रीला हे ठाऊक नव्हते, आम्हालाही नव्हते. आम्ही मागाहून वाचून काढले. पण हा भाग समुद्राचा आहे आणि इंजिनाच्या जपणुकीसाठी आहे, हे त्याने बरोबर ओळखले होते.

खटकीचे त्याने सांगावयाचीही गरज नव्हती. मावळातल्या ज्या शेतकऱ्याने हँडल मारून पाण्याचे इंजिन सुरू केले आहे तो ती ओळखेल. १९४६ साली खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला आणि अशी इंजिने गावोगाव पोहोचली. खटकी उचलली की झडप थोडी उघडी राहते, सिलिंडरातली हवा दाबली जात नाही आणि इंजिन हाताने फिरते. वेग आला की खटकी सोडावयाची. पोराला बॅटरीची सवय, म्हणून त्याला ती निरुपयोगी वाटली.

दोरीची कडी पंख्याच्या दांड्याची. दांडा जिथून होडीच्या बाहेर पाण्यात जातो तिथे ही चरबी लावलेली दोरी दाबून बसवतात. पोराने जुनी कडी काढून नवी घातली होती, हे चांगले केले. पण एक थेंबही आत येऊ नये म्हणून नट करकचून आवळला होता. मिस्त्री म्हणाला, “चालू असताना मिनिटाला दोन-चार थेंब गळायला पाहिजेत. त्या पाण्यानंच दांडा गार राहतो.” पूर्ण कोरडे केले तर दांडा तापतो आणि त्यावर चरे पडतात. जिथे एकही तक्रार ऐकू येत नाही असा कारखाना पाहिला की आम्हाला हा आवळलेला नट आठवतो.

राहिली ती वाकडी नळी. पोराने ती काढून दोन्ही टोके रबरी नळीने सरळ जोडली होती. दोन दिवस लाँच चालली. आम्ही गेलो त्या सकाळी इंजिन फिरत नव्हते. पोरगा म्हणाला, बॅटरी उतरली असेल. दुसरी आणली आहे. आणि इथे आमची चूक कबूल करतो. आम्हीही म्हणालो, “लाव नवी बॅटरी आणि मार.”

मिस्त्री ओरडला, “थांबा! सेल्फ मारू नका!”

त्याने दोन्ही इंजेक्टर सोडवावयास लावले आणि हँडल हाताने हळू फिरवले. भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली, ठेकेदाराच्या सदऱ्यापर्यंत.

झाले होते ते असे. इंजिन होडीत पाण्याच्या पातळीखाली बसलेले असते. बाहेरचे पाणी पंपाने आत येते, इंजिन थंड करते आणि धुराच्या नळीतून धुराबरोबर बाहेर पडते. इंजिन बंद झाले तरी नळी पाण्याने भरलेली राहते, आणि पिंपातून रबरी नळीने रॉकेल काढतो तसे पाणी आपोआप ओढले जाते. धुराची नळी भरते, मग उघड्या झडपेतून सिलिंडर. ती वाकडी नळी पाण्याच्या पातळीच्या वर उचललेली असते आणि माथ्याची झडप हवा आत सोडून हा ओघ तोडते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सेल्फ मारला असता तर पिस्टनचा दांडा वाकला असता आणि इंजिन भंगारात गेले असते. पाणी गोडे होते आणि वेळेवर कळले, म्हणून सिलिंडर कोरडे करून, वंगण दोनदा बदलून भागले.

दुरुस्तीबद्दल दोन शब्द. नळी परत बसवली. तिची झडप क्षारांनी चिकटली होती, ती साफ केली. जो भाग बाजारात मिळत नाही तो कातकामवाल्याकडून करून घेता येतो, पण जुना तुकडा फेकू नये. तुटका असला तरी माप त्याच्यातच असते. धातू तोच घ्यावा. जुन्या गॅस्केटात आणि दोरीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो कोरडा खरवडून धूळ उडवू नये, ती फुप्फुसांत जाते. आणि पेट्रोलच्या होडीवर मोटारीचा स्टार्टर कधी लावू नये. होडीच्या पोटात वाफ साचते आणि एक ठिणगी पुरते.

आता पगार. त्या वेळी १९४८ चा किमान वेतन कायदा लागू होता. त्याखालच्या दरांत कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा पायऱ्या होत्या. ठेकेदाराचे म्हणणे, पुस्तकात मदतनीस आहे म्हणजे अकुशल. आम्ही त्याला विचारले, “शेठ, आज सकाळी तुमचे इंजिन कोणी वाचवले?” तो काही वेळ गप्प राहिला. मिस्त्री कामावर परत आला, आणि पुढच्या महिन्यापासून त्याच्या नावापुढे ‘इंजिन मिस्त्री’ असे लिहिले गेले. मागच्या अकरा वर्षांचा फरक मात्र आम्हाला मिळवून देता आला नाही. कागदावर त्या कामाची खूण नव्हती. ही खंत आम्हाला आजही आहे.

म्हणून मिस्त्रीने आणि आम्ही बसून एक शंभर पानी वही केली. भाषा त्याची, अक्षर आमचे. प्रत्येक भागाचे चित्र, माप, कोठून कोठे जातो, काढला तर काय होईल, आणि शेवटी नाव. ‘औषध’ हे नाव आम्ही तसेच ठेवले, शेजारी जस्त असे लिहून. प्रत्येक दुरुस्तीची तारीख आणि करणाऱ्याची सही. पोरगा मिस्त्रीच्या हाताखाली राहिला; वहीतली पुढची चित्रे त्याची आहेत आणि ती आमच्यापेक्षा चांगली आहेत.

आपल्या भाषेत नाव म्हणजे होडीही आणि नाव म्हणजे ओळखही. आपल्यापैकी कोणाची पिठाची गिरणी असेल, कोणाचा चिक्कीचा कारखाना, कोणाच्या सोसायटीत पाण्याचा पंप. तिथेही एखादी वस्तू अशी असेल की ती कशासाठी आहे हे एकाच माणसाला माहीत आहे. त्याला उद्या चहाला बोलवा, वही पुढे ठेवा आणि विचारा. आणि लिहून झाले की खाली त्याची सही घ्यायला विसरू नका.