बॅटरी का उतरते?



वसंत व्याख्यानमालेत मोटारीच्या बॅटरीवर भाषण, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु लोणंद हे कांद्याच्या बाजाराचे गाव. जुने पिकअप रात्री माल भरून निघतात. बॅटरी उतरली की दिवे मंदावतात, पहाटे गाडी धक्क्यावर येते, आणि खर्च ड्रायव्हरच्या पगारातून कापला जातो. आमच्या संघटनेकडे येणारी ही नेहमीची तक्रार आहे.

पहिली गोष्ट अशी की, बॅटरी वीज उत्पन्न करीत नाही, साठविते. ती रांजण, रांजण भरणारा तो अल्टरनेटर. चुंबक आणि तारेचे वेटोळे यांत हालचाल झाली म्हणजे वीज उपजते, हे मायकेल फॅरडे याने १८३१ साली दाखविले. तो लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता शिकलेला. कामगाराला हे शास्त्र समजणार नाही, असे म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे.

आता दोष कसा शोधावा? साधे मीटर घ्या. इंजिन काही तास बंद असता भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू करून थोडे वाढवा. १३.८ ते १४.४ च्या आसपास आकडा गेला तर रांजण भरतो आहे. तो १२ वरच राहून उतरू लागला तर भरत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. बॅटरीतले पाणी उकळून आटेल.

भरत नसेल तर स्वस्तापासून महागाकडे जावे. इंजिन बंद करून पट्टा पाहा. सैल वा गुळगुळीत झाला असेल तर तो घसरतो. मग बॅटरीची टोके आणि इंजिनाची अर्थची तार. पांढरी-हिरवी बुरशी घासून काढा. नंतर चार्जिंगचा लाल दिवा. किल्ली फिरविताच तो लागला पाहिजे. कित्येक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागे करणारा प्रवाह या दिव्यातूनच जातो. दिवा गेला की धडधाकट अल्टरनेटरही झोपून राहतो! त्यानंतर दिवे लावून दोन ठिकाणी मोजा. अल्टरनेटरच्या टोकाशी १४.२ आणि बॅटरीशी १३ आले तर दोष मधल्या तारेत आहे, यंत्र निर्दोष आहे. हे सारे ठीक असेल तेव्हाच कार्बन ब्रश, रेग्युलेटर, डायोड यांकडे वळावे. आणि एक ताकीद: इंजिन चालू असता बॅटरीची तार कधीही काढू नये. त्या ‘परीक्षे’त चांगले डायोड जळतात.

यात ड्रायव्हरचा अपराध कोठे आला? ब्रश झिजतो, पट्टा जुना होतो. ही यंत्राची झीज आहे. नुकसानीची कपात कामगाराच्या हयगयीमुळे नुकसान झाले असेल तरच, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावरच, हे तत्त्व १९३६ च्या वेतन कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आले. पण म्हणणे मांडायचे तर ते ठाऊक हवे. “साहेब, यंत्राशी १४.२, बॅटरीशी १३,” असे जो सांगू शकतो, त्याच्या पगाराला हात लावणे कठीण.

मालकबंधूंनाही आमचे सांगणे आहे: नवी बॅटरी घेण्याआधी मीटर घ्या. रांजण बदलून नळ दुरुस्त होत नाही.