देवळापुढें किती वेळ थांबावें?

प्रवासाला निघतांना माणूस पैशाचा हिशेब करतो, सामानाचा करतो, औषधांचा तर करतोच. परंतु पाहण्याच्या वेळेचा हिशेब मात्र तो दुसऱ्याच्या हातीं सोंपवून मोकळा होतो. गाडी केव्हां सुटणार हें त्याला तोंडपाठ असतें. एखाद्या देवळांत तासभर बसावें कीं पांच मिनिटांत बाहेर पडावें, हें ठरवितो गाडी हांकणारा.

गेल्या पावसाळ्यांत सांगलीस माझ्या वडील बंधूंच्या घरीं हा प्रश्न अकस्मात् निकडीचा झाला. दादा पाटबंधारे खात्यांतून निवृत्त झालेले इंजिनियर. कोयनेच्या धरणावरही त्यांनीं कांहीं वर्षें काढलीं. वहिनींनीं तीस वर्षें शाळेंत इतिहास शिकविला आणि ईजिप्तचा धडा दरवर्षीं, ईजिप्त न पाहतां, मोठ्या तन्मयतेनें शिकविला. येत्या जानेवारींत उभयतांनीं तो देश पाहण्याचें ठरविलें. प्रवास ठरवून देणाऱ्या एका गृहस्थांनीं नऊ दिवसांचें पत्रक पाठविलें. त्यांत कैरो, पिरॅमिड, अलेक्झांड्रिया, नंतर लक्सरला दीड दिवस, तेथून नाइलमधून बोटीनें आस्वान आणि शेवटीं अबू सिंबेल, असा क्रम होता. लक्सरचे दोन दिवस वाढवितां येतील, मात्र त्याचे पैसे निराळे पडतील, अशी तळटीप होती. ते पैसे यावयाचे होते दादांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं बाजूला ठेवलेल्या रकमेंतून. उत्तर आठ दिवसांत कळवावयाचें होतें.

दादांचा युक्तिवाद सरळ होता. दगडाचे दहा खांब पाहिले म्हणजे अकरावा पाहण्याचें कारण उरत नाहीं. लक्सरला दीड दिवस पुरे. वहिनी म्हणाल्या, "कर्नाकच्या एकाच सभामंडपांत एकशेंचौतीस खांब आहेत. ते काय मी गाडींतून मोजूं?" दोघांनींही माझ्याकडे पाहिलें. मी ईजिप्तला गेलेलों नाहीं. जें आहे तें वाचून माहीत. तेव्हां मीं सुचविलें कीं, आपण प्रथम आपल्याच मुलखांत दोन दिवस देवळें पाहूं. माणसाच्या डोळ्यांत किती देवळें मावतात, हें कळावयाला नाइलपर्यंत कशाला जावें लागतें? कृष्णाकांठ पुरे.

पावसानें उघडीप देतांच पहिल्या दिवशीं साताऱ्याहून निघालों. सकाळीं आठ वाजतां वाईच्या घाटावर होतों. ढोल्या गणपतीपुढें वहिनींनीं हात जोडले, प्रसाद घेतला आणि तीन मिनिटांत त्या वळल्या. दादा मात्र देवळाच्या मागें जाऊन उभे राहिले ते हलेनात. १७६२ सालीं गणपतराव रास्त्यांनीं हें देऊळ नदीच्या पात्रालगत बांधलें, तेव्हां मागची भिंत माशासारखी निमुळती केली. पुराचा लोट तिच्यावर येऊन दुभंगतो आणि दोहों अंगांनीं निघून जातो. ज्या माणसाचा जन्म पाण्याला वळण लावण्यांत गेला, त्याला त्या भिंतीपुढें अर्धा तास कमीच. दुपारीं माहुलीस उलट झालें. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनीं बांधलेलें विश्वेश्वराचें देऊळ, १७४९ सालीं शाहू महाराजांच्या देहाला जेथें अग्नि दिला ती भूमि, आणि रामशास्त्र्यांचें गांव! वहिनी पायरीवर बसल्या त्या बसल्याच, आणि दादा घड्याळ पाहूं लागले.

येथें मला एक गोष्ट उमगली. आपल्याला देवळाची वेळ ठाऊक आहे ती दर्शनाची. हात जोडावे, घंटा वाजवावी, प्रदक्षिणा घालावी, क्षणभर टेकावें आणि निघावें, हा शेंकडों वर्षांचा सराव पायांत मुरलेला आहे, आणि जेथें देव जागता आहे तेथें तो योग्यही आहे. परंतु ईजिप्तच्या देवळांत हें माप उपयोगाचें नाहीं. तेथें देव उरला नाहीं आणि पुजारीही उरला नाहीं. एडफूच्या गाभाऱ्यांत गुळगुळीत पाषाणाचा देव्हारा आजही उभा आहे. आंत कांहीं नाहीं. तें राज्य चालतें होतें तेव्हांही सामान्य माणसाला आंतल्या दालनांत प्रवेश नव्हता. त्याची मजल बाहेरच्या अंगणापर्यंत. म्हणजे दर्शनाचे म्हणून जे पांच मिनिट आपण राखून ठेवतों, ते तेथें कोठें खर्चावे, हाच प्रश्न. तेथील भिंती वाचाव्या लागतात, आणि वाचनाला वेळ लागतो.

असो. आमच्या पहिल्या दिवसाचा निकाल सांगतों. वाई, किकली, लिंबची बारामोटेची विहीर, माहुली आणि सज्जनगडाच्या पायथ्याचीं परळीचीं जुनीं देवळें, इतकें पदरांत पाडून अंधार पडतांना घरीं आलों. रात्रीं जेवणें झाल्यावर मीं परीक्षा घेतली. तीन गाभाऱ्यांचें देऊळ कोणतें? दादा म्हणाले, परळीचें. वहिनी म्हणाल्या, माहुलीचें. गाडी चालविणारा माझा मुलगा म्हणाला, "किकलीचा भैरवनाथ. तेथें चहा मिळाला नाहीं, म्हणून लक्षांत राहिलें." वस्तुतः किकलीचे कोरीव खांब आणि तेथील वीरगळांच्या रांगा हें त्या दिवसाचें सर्वांत मोठें धन होतें. पण आम्ही भर उन्हांतून आंत शिरलों, डोळ्यांना काळोखाची संवय होण्यापूर्वींच बाहेर आलों, आणि पुढच्या गांवाची घाई केली. पांच ठिकाणें पाहिलीं होतीं. आठवणींत वाईची भिंत आणि माहुलीची पायरी एवढींच शिल्लक राहिलीं. जेथें कोणीतरी हट्टानें थांबलें होतें, नेमकीं तींच.

दुसऱ्या दिवशीं क्रम बदलला. कऱ्हाडवरून देवराष्ट्र्यास गेलों. यशवंतराव चव्हाणांचें हें जन्मगांव त्यांच्या जन्माच्या वेळीं सातारा जिल्ह्यांत होतें. १९४९ सालीं दक्षिण सातारा निराळा झाला आणि १९६० पासून त्याला सांगली जिल्हा म्हणूं लागले. सीमा सरकली, देवळें जागच्या जागीं राहिलीं. येथील सागरेश्वराच्या परिसरांत अनेक लहानमोठीं देवळें दाटीनें उभीं आहेत. सकाळभर दुसरें कांहीं पाहावयाचें नाहीं, असा माझा हुकूम होता. पहिला अर्धा तास कंटाळवाणा गेला, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. दादा गुडघा चोळीत एका ओट्यावर बसले आणि वहिनींनीं देवळें मोजण्याचा प्रयत्न करून तो सोडून दिला. नंतर हळूहळू दोघांची दृष्टि स्थिरावली. बसल्या जागेवरूनच दादा दगडांचे सांधे न्याहाळूं लागले. कोणता दगड मूळचा आणि कोणता मागाहून बसविलेला, हें त्यांनीं मला दाखविलें. वहिनी एका देवळाच्या दाराची चौकट दुसऱ्याशीं ताडून पाहूं लागल्या. ऊन थोडें कललें तशी मघां सपाट वाटलेली एक आकृति भिंतींतून वर उठून आली. तासाभरानें खरें पाहणें सुरू झालें आणि दोन तास तें टिकलें. नंतर मात्र एकाएकीं संपलें. "भावजी, सांगलींत भाजी घ्यावयाची आहे, आठवण करा," असें वहिनी म्हणाल्या, तेव्हां मीं ओळखलें कीं डोळे भरले. आतां पुढें अमरावतींतील इंद्रसभा आणून उभी केली तरी व्यर्थ.

वाटेवर तासगांवचें गणपतीचें गोपुर पाहिलें. परशुरामभाऊ पटवर्धनांनीं दक्षिणेंतील देवळें पाहून आपल्या गांवीं सात मजल्यांचें गोपुर उभारलें, ही त्या शूर पुरुषाची हौस मला फार आवडते. वहिनींना मीं सांगितलें कीं कर्नाकच्या मधल्या ओळींतील बारा खांब सुमारें २१ मीटर उंच आहेत. हल्लीच्या मापानें सात मजल्यांचें घर. त्यांनीं मान वर करून गोपुराकडे पाहिलें आणि बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. तेथें पाव तास पुरला. सर्वच ठिकाणीं सकाळ खर्ची घालावी, असें माझें म्हणणें मुळींच नाहीं.

संध्याकाळीं हरिपुरास संगमेश्वराच्या घाटावर, कृष्णा आणि वारणा जेथें मिळतात तेथें बसून पत्रक पुढें घेतलें. एका दिवसाला दोन-अडीच तास खरें पाहणें, आणि तेंही पहिला अर्धा-पाऊण तास वायां गेल्यावर. एवढीच आमच्या घराण्याची कुवत ठरली होती. या मापानें लक्सरच्या दीड दिवसांत पूर्वतीरावरील कर्नाक, लक्सरचें देऊळ, पश्चिमतीरावर हत्शेप्सुत राणीचें देऊळ, मेदीनत हाबू आणि राजांच्या दरींतील थडगीं बसविणें म्हणजे किकलीची पुनरावृत्ति. दीडाचे तीन दिवस तरी हवेत. पण शस्त्रक्रियेच्या पैशांना हात लावण्यास वहिनींनीं साफ नकार दिला. "गुडघा यांचा आणि खांब माझे, हा सौदा मला नको," त्या म्हणाल्या.

मग काय गाळावें? अलेक्झांड्रिया प्रथम गळालें. कैरोहून जाऊन-येऊन चारशें किलोमीटरांहून अधिक प्रवास, आणि ज्या ग्रंथालयाच्या नांवानें माणूस तेथें जातो तें प्राचीन ग्रंथालय केव्हांच नाहींसें झालेलें. तो दिवस लक्सरला दिला. कैरोमधील गल्ल्या-बाजार पाहण्यासाठीं राखलेला अर्धा दिवसही तिकडेच वळविला. पिरॅमिडांजवळचें नवें मोठें संग्रहालय, जें २०२५ च्या नोव्हेंबरांत समारंभपूर्वक पूर्णपणें खुलें झालें, त्याला मात्र हात लावला नाहीं. राजांच्या दरींत साध्या तिकिटावर तीनच थडगीं पाहतां येतात, हें ऐकून दादांना समाधान वाटलें. सरकारनेंच मर्यादा घातली म्हणजे मनाला टोंचणी राहत नाहीं.

अबू सिंबेलवर मात्र अडलें. आस्वानपासून तें सुमारें २८० किलोमीटर. पहाटे निघावें, वाळवंटांतून तीन-साडेतीन तास जावें, दोन तास पाहावें आणि परत यावें. वहिनींच्या मतें हा दिवस प्रथम गाळावयाचा. दादा ऐकेनात. आस्वानच्या उंच धरणाच्या पाण्यांत तें देऊळ बुडणार म्हणून १९६४ ते १९६८ या चार वर्षांत अखंड डोंगरांत कोरलेलें तें शिल्प करवतीनें कापून, तुकडे करून, सुमारें ६५ मीटर वर नेऊन जसेंच्या तसें जोडलें. धरणें बांधण्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला हें पाहावयाचें नाहीं, तर काय पाहावयाचें? २२ फेब्रुवारीस आणि २२ ऑक्टोबरास सूर्यकिरण त्या देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत पोंचतात, तेव्हां महिनाभर उशिरा जावें, असेंही मीं सुचवून पाहिलें. पण कोल्हापुरास अंबाबाईच्या किरणोत्सवाची गर्दी ज्यांनीं अनुभवली आहे, त्या वहिनींनीं तें एका शब्दांत उडवून लावलें.

चाळीस वर्षांच्या संसारांत ह्या दोघांनीं वेगळा प्रवास केल्याचें मला स्मरत नाहीं. त्यामुळें वहिनींनीं जें सुचविलें त्यानें आम्ही क्षणभर गप्प झालों. "अहो, त्या दिवशीं तुम्ही तुमचें धरणाचें देऊळ पाहून या. मी आस्वानलाच राहीन आणि फायलीच्या बेटावर इसिसच्या देवळांत बसेन. घाई करणारें कोणी नसेल." दादा म्हणाले, "अग, तें देऊळसुद्धां धरणामुळेंच मूळ बेटावरून उचलून दुसऱ्या बेटावर मांडलेलें आहे." वहिनी हंसल्या. मग दादांनीं खिशांतून पेन्सिल काढली आणि पत्रकावर अबू सिंबेलपुढें एक व फायलीपुढें एक असा आंकडा लिहिला. परत येतांना गाडी थांबवून भाजी घेतली, आणि उत्तर त्याच रात्रीं कळविलें.