उत्तर टोकाचं गाव आणि आपल्या जिन्यातली रेघ

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"मॅडम, भूगोलाचा तास घेऊ नका, गमती सांगा," असं सेक्रेटरींनी बजावलंय. प्रयत्न करते.

गेल्या जुलैमध्ये लेकीकडे नॉर्वेला गेले होते, तेव्हा आम्ही स्वालबार्ड बेटांवर जाऊन आलो. ऑस्लोहून विमानानं तीन तास, सरळ उत्तरेला. आपली सांगली १७ अंश अक्षांशाच्या आसपास. तिथलं मुख्य गाव लाँगइयरब्येन ७८ अंशांवर. एप्रिलअखेरपासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत तिथं सूर्य मावळत नाही. रात्री बारा वाजता जाड पडदा ओढून झोपायचं! गावाबाहेर पांढऱ्या अस्वलांची भीती, म्हणून वाटाड्याच्या खांद्यावर बंदूक.

झाड म्हणाल तर एक नाही. समोर खाडी, पलीकडे हिमनदी आणि पायाशी बोटभर उंचीची फुलं. मी साताऱ्याची माहेरवाशीण, मला कासचं पठार आठवलं. तिथंही जांभ्यावरच्या वीतभर मातीत दोन-तीन महिन्यांत सगळा संसार उरकायचा असतो.

गंमत म्हणजे हॉटेलात, म्युझियममध्ये शिरताना बूट दारात काढायचे. १९०६ मध्ये कोळशाच्या खाणीसाठी वसलेलं हे गाव. खाणकामगारांच्या पायाला काजळी असायची, त्यावरून ही रीत पडली. मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

घरं मात्र खांबांवर उभी. खाली जमीन कायमची गोठलेली, पण उन्हाळ्यात वरचा थर वितळून हलतो. आता तर हवाच तापत चाललीय. जगभरच्या बियाण्यांची तिजोरी याच गावाजवळ डोंगराच्या पोटात आहे. हैदराबादच्या 'इक्रिसॅट'नं पाठवलेली ज्वारीची बियाणीही तिथं आहेत. २०१६ मध्ये तिच्या प्रवेशाच्या बोगद्यात पाणी शिरलं. बियाण्यांपर्यंत पोचलं नाही, पण जगातल्या सर्वांत सुरक्षित जागी पाणी आलं! सांगलीकराला यातलं काही समजावून सांगायला नको.

आता मुद्द्याचं. गावात फिरताना जुन्या रोपवेचे लाकडी सांगाडे दिसले. गंजलेल्या डब्या, खिळे तसेच पडलेले. लेकीनं एक खिळा उचलला, तर वाटाड्या म्हणाला, "ठेवा तिथंच." १९४६ पूर्वीची माणसाची कुठलीही खूण हलवायची नाही, असा तिथला कायदा आहे. त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणारं कुणी नाही; लोक कामाला येतात, काही वर्षांनी जातात. आठवण ठेवणारी माणसंच टिकत नाहीत, म्हणून खुणा जपायच्या. २०१५ च्या डिसेंबरात डोंगरावरून बर्फाचा कडा घरांवर कोसळला, दोघं गेले. त्यानंतर धोक्याच्या पट्ट्यातली कितीतरी घरं पाडली, हिमरोधक कुंपणं उभारली. धोका कुठवर येतो हे ठाऊक असलं, तरच असा निर्णय घेता येतो.

आणि आपण? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तळमजल्यावरच्या आपल्या माणसांनी संसार डोक्यावर घेऊन जिना चढला. पाणी उतरल्यावर जिन्याच्या भिंतीवर मातकट रेघ राहिली होती. पोरं तिच्याशेजारी उभी राहून आपली उंची मोजायची. यंदा रौप्यमहोत्सवाचं रंगकाम झालं आणि रेघ गेली.

कुणाला दोष देत नाही. "रेघ बघून फ्लॅटचं गिऱ्हाईक पळतं," असं मीटिंगमध्ये निघालं, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होते. विकणाऱ्याची अडचण खोटी नाही. पण नवीन येणारं बिऱ्हाड मीटर, पंप, दप्तर किती उंचीवर ठेवणार, हे ती रेघच सांगत होती. महाबळेश्वर-कोयनेला पाऊस कोसळला की पाणी आपल्याकडे यायचंच. रंग दिला म्हणून नदी विसरत नाही.

म्हणून एकच विनंती. जुन्या फोटोंवरून मोजून ती रेघ पुन्हा काढूया, शेजारी तारीख लिहूया. रंगाचा डबा माझ्याकडून. रेघ ओढायचा मान मात्र तळमजल्याचा.