टूलला हात लावण्याआधी



मी काही विद्वान नव्हे. माझी सारी उमर कारखान्यात मायक्रोमीटर हाती धरून गेली. लेथवरून उतरलेला शाफ्ट मापात आहे की नाही हे पाहणे, हे माझे काम. त्या कामात जे शिकलो आणि घरात मात्र फार उशिरा वापरले, तेवढेच आज सांगतो.

नवा टर्नर एक चूक हमखास करतो. एक जॉब किंचित जाड आला की तो टूल पुढे सरकवतो. पुढचा बारीक येतो, मग टूल मागे. दिवसभर इमानेइतबारे राबतो आणि संध्याकाळी रिजेक्ट मालाचा ढीग वाढलेला असतो. यंत्र नीट असले तरी दोन जॉब तंतोतंत सारखे कधीच येत नाहीत. हा थोडा फरक कामाच्या अंगचाच असतो. त्यापायी दर वेळी टूल हलवले तर फरक वाढतो.

नेहमीचा फरक कोणता आणि खरा बिघाड कोणता, हे ओळखायची रीत अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील वॉल्टर शुहार्ट यांनी मे 1924 मध्ये एका छोट्या टिपणात मांडली. ठराविक वेळाने मापे घ्यायची, आलेखावर ठिपके मांडायचे. मध्ये सरासरीची रेषा, वर-खाली मर्यादेच्या रेषा. ठिपका मर्यादेबाहेर गेला तर थांबून कारण शोधावे. आत वरखाली होत असेल तर एकेका ठिपक्यामागे धावू नये. सुधारणा हवी असल्यास कामाची सारी पद्धतच तपासावी. 1947-48 मध्ये शुहार्ट भारतातही येऊन गेले. डेमिंग यांनी 1950 मध्ये जपानी इंजिनियरांना हेच शिकवले. पुढचा इतिहास आपण जाणताच.

आता घरची गोष्ट. माझा धाकटा मुलगा चौथीपर्यंत उर्दू शाळेत होता, पाचवीपासून मराठी शाळेत. सहावीत गणिताची दर आठवड्याला 25 गुणांची चाचणी असे. 14 आले की मी खूष. 10 आले की माझा आवाज चढे, क्रिकेट बंद. वर्षात दोन शिकवण्या बदलल्या. एके रात्री पत्नी म्हणाली, "तुमच्या मशीनला तरी एवढ्या वेळा हात लावता का?"

मी निरुत्तर झालो. त्याची वही घेऊन गुण आलेखावर मांडले: 13, 11, 14, 12, 10, 13, 11, 12. सरासरी बरोबर 12. एकही ठिपका वेगळा नव्हता. माझ्या शाबासकीची वा रागाची कागदावर कुठे खूणसुद्धा नव्हती.

टोयोटाचे ताइची ओहनो सांगत की दोष दिसला की पाच वेळा 'का' विचारा. मी विचारत गेलो. शेवटची दोन गणिते कोरी का? वेळ पुरला नाही. का पुरला नाही? शाब्दिक उदाहरणे तीन-तीनदा वाचावी लागतात. ती का? मान खाली घालून तो म्हणाला, "अब्बा, मुद्दल म्हणजे काय?" जमा-तफरीक, जर्ब-तकसीम त्याला पक्के येत होते. शिकवणीवाले त्याला आणखी गणिते घालत होते आणि त्याला अडत होती ती भाषा. मग इतके दिवस विचारले का नाहीस? "तुम्ही रागावाल म्हणून."

मंडळी, मूल म्हणजे शाफ्ट नव्हे, हे मला कळते. पण इथे बिघाड मापणाराच करीत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्याची बहीण रोज रात्री त्याच्याकडून दहा शाब्दिक उदाहरणे मोठ्याने वाचून घेऊ लागली. सोडवायची नाहीत, फक्त समजून सांगायची. आणि मी कॅलेंडरवर, आवाज चढवला त्या तारखेला फुली मारू लागलो. पहिल्या महिन्यात 11 फुल्या, त्यांतल्या 8 ओव्हरटाइमच्या दिवशीच्या! मग ठरवले, ओव्हरटाइम करून आलो की त्याच्या वहीला हात लावायचा नाही. पुढच्या महिन्यात फुल्या 4 झाल्या. हे कॅलेंडर घरात कोणाला दाखवायची मला लाज वाटे, पण पत्नीला ते ठाऊक होते.

गुण लगेच वाढले नाहीत. मध्ये एकदा पुन्हा 10 आले. त्या संध्याकाळी मी काही बोललो नाही. तो मात्र झोपेपर्यंत दाराशी घुटमळत माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. पुढे तिसऱ्या महिन्यापासून ठिपके 12 च्या वर पडू लागले. आमच्या धंद्यात सलग आठ ठिपके रेषेच्या एकाच बाजूला आले की पद्धत खरोखर बदलली असे धरतात. आठवा पडला, तेव्हा मी तो कागद मुलाच्या हाती दिला. त्यानंतरचे ठिपके तोच मांडू लागला.